भाड्याची हिरवी चटई

आमच्या आवारातल्या प्राथमिक शाळेची गुणवत्ता एका शनिवारी दुपारी वाढली. मला नक्की माहीत आहे, कारण ती वाढवताना एक टोक माझ्या हातात होतं.

टोक चटईचं. आधी चटयांचं सांगते, नाहीतर काही कळायचं नाही.

आमच्या आवारात दोन शाळा आहेत. मागची माध्यमिक, तिथे मी नववीत आहे. पुढची प्राथमिक. तिच्यात वस्तीतली सगळी पोरं जातात, कारण फी नाही आणि दुसरीकडे जायला पैसे नाहीत. वर्षाच्या सुरुवातीला एका संस्थेची माणसं तिथे आली. त्यांनी तिसरीतल्या प्रत्येक पोराला समोर बसवून वाचायला लावलं. तिसरीतल्या, हं. आणि मग पोरं चार रंगांच्या चटयांवर वाटली. अक्षरंच येत नाहीत ती लाल चटईवर. शब्द जुळवणारी पिवळ्या. वाक्य वाचणारी निळ्या. गोष्ट वाचणारी हिरव्या. हिरव्या चटईवर दोन पोरं बसली आणि त्यातला एक मोठ्या बाईंचा, म्हणजे मुख्याध्यापिकांचा, भाचा. लाल चटई मात्र अशी भरली की कडेची पोरं अर्धी फरशीवर.

लाल आणि पिवळ्या गटांना रोज जेवणाच्या सुट्टीनंतर वेगळा तास मिळायचा. त्यासाठी संस्थेने मागच्या शाळेतल्या मुली घेतल्या, आमचं नाव ‘वाचनताई’. मागच्या वर्षापर्यंत मी वर्गात ‘हजर’ इतकं हळू म्हणायचे की सर मला गैरहजर मांडायचे. आता सर उलट तक्रार करतात. ते असो. माझ्याकडे लाल चटईवरची पाच पोरं होती आणि त्यातली एक माझीच धाकटी बहीण. तिला घरीदारी सगळे भिंगरी म्हणतात. एका जागी बसली तर ताप आलाय का बघावं लागतं.

भिंगरी दोन वर्षं शाळेत जाऊन टाळ्या वाजवायला शिकली होती. मोठ्या बाईंच्या शाळेत टाळी हा मुख्य विषय आहे. कविता टाळीवर, पाढे टाळीवर, पाणी प्यायला रांग टाळीवर. साठ पोरं एका सुरात ओरडतात, त्यात कोणाला येतं आणि कोणाचं नुसतं तोंड हलतं हे देवालाही कळू नये. तासात आम्ही टाळी बंद केली. बाटल्यांची झाकणं गोळा केली, त्यांवर अक्षरं लिहिली आणि पोरांना ती सरकवायला दिली. पहिले दोन महिने भिंगरीने झाकणांच्या गाड्या केल्या. मग एके दिवशी तिने न आणि ळ शेजारी ठेवले, तोंडातल्या तोंडात पुटपुटली, उठली आणि पळत बाहेर जाऊन नळ सोडून आली. भिजलेल्या हातांनीच म्हणाली, “ताई, तो इथे लिहिलाय.”

तर अशी आमची गाडी नुकती कुठे हलली होती, आणि शनिवारी मांडववाल्याची हातगाडी फाटकातून आत आली. तिच्यावर चटयांच्या गुंडाळ्या. सगळ्या हिरव्या.

मोठ्या बाई स्वतः मैदानात उभ्या होत्या. मला बघून म्हणाल्या, “तू रिकामीच आहेस ना? धर ते टोक.”

मी धरलं. आम्ही लाल चटई गुंडाळली आणि तिच्या जागी हिरवी अंथरली.

“बाई, इथे लाल गट बसतो,” मी म्हणाले.

“बसू दे की. चटई काय चावते?”

“पण रंग...”

“बुधवारी देणगीदार मॅडम येणार आहेत. ओढ ते टोक, सुरकुती राहिलीय.”

प्रत्येक चटईच्या कोपऱ्यात भाड्याच्या दुकानाचा शिक्का होता. मोठ्या बाईंनी तो कोपरा भिंतीकडे वळवून घेतला. एवढी हुशारी त्यांनी शिकवण्यात दाखवली असती तर संस्थेला यायची गरजच पडली नसती.

संस्थेचा दादा जिन्यावर उभा राहून मोबाइलवर फोटो काढत होता. त्याला आम्ही छानदादा म्हणतो. पोरगं पडलं तरी हा आधी ‘छान’ म्हणतो, मग उचलतो.

“दादा, हे काय चाललंय?”

“प्रगती. छान दिसतंय ना?”

“चटया बदलल्यात. पोरं तीच आहेत.”

“अगं, वर पाठवायचा फोटो जिन्यावरून काढायचा असतो. जिन्यावरून चटईच दिसते.” हे सांगताना त्याला हसू आलं नाही. रोज तेच काम करणाऱ्या माणसाला त्याच्यातला विनोद दिसत नाही बहुतेक.

“सगळे हिरवे झाले तर तासाचं काय?”

“तास बंद. हिरव्यांना तास कशाला? मग आम्ही पुलापलीकडच्या शाळेत जाणार. झाकणं, कपाट, पुस्तकं, पंखे, सगळं तिकडे.”

“मोठ्या बाईंना माहितीये हे?”

“पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं.”

“त्या ऐकत होत्या?”

छानदादाने जरा विचार केला. “चहा आला होता मध्येच,” तो म्हणाला.

मी तशीच मोठ्या बाईंकडे गेले आणि सांगितलं. बाई, सगळ्यांना हिरवं दाखवलंत तर संस्था निघून जाईल. आमच्या गटातली पोरं आत्ता कुठे दोन अक्षरं जोडायला लागलीत. महिनाभर तास बंद पडला तर पहिले पाढे पंचावन्न.

त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. “तू कितवीत?”

“नववीत.”

“मग दहावीत जा आधी आणि नंतर मला शाळा चालवायला शिकव. चांगलं काम करणाऱ्याला कोणी सोडून जातं का? उलट जास्त देतात. तू एक कर. तुझ्या पाच जणांकडून तो बागेचा धडा पाठ करून घे. मॅडमना वाचून दाखवायचाय.”

“पाठ केला तर वाचणं कसं होईल?”

“पुस्तक हातात धरायला सांग. झालं वाचणं.”

घरी आल्यावर बघते तर आई आनंदात. आई शिवणाच्या कारखान्यात कॉलर लावते. त्या दिवशी ती शिलाईचा गठ्ठा घरी घेऊन आली होती आणि भिंगरी त्याच्यावर चढून ओरडत होती, “मी हिरवी झाले, मी हिरवी झाले.”

“मोठ्या बाई रस्त्यात भेटल्या,” आई म्हणाली. “म्हणाल्या, तुमची धाकटी एकदम वरच्या चटईवर गेली. तू बोललीही नाहीस घरात. जळतेस की काय लहान बहिणीवर?”

“आई, ती वर नाही गेली. चटई खाली आली.”

“म्हणजे पास ना?”

“नापास. हिरव्यावर बसली की तिचा तास बंद.”

“एकदा पास म्हटलं की पास. आमच्या कारखान्यात पास झालेला माल कोणी उसवायला जात नाही. तू तिथे जाऊन तोंड उघडू नकोस. हल्ली तुझं फार उघडायला लागलंय.”

“वाचता येत नाही तिला अजून.”

“मला कुठे येतं? अडलं का माझं?” आणि लगेच, सुई दातात धरून, “अडलं म्हण. पण ते काय लोकांत सांगायचं असतं?”

मी बागेचा धडा पाठ करून घेतला नाही. गरजच पडली नाही. मोठ्या बाईंनी सोमवार-मंगळवार तिसरीचे सगळे तास रद्द केले आणि स्वतः टाळीवर घोटून घेतला. ‘ही आमची बाग’, टाळी. ‘बागेत फुले आहेत’, टाळी. आमच्या गटात एक मुलगी आहे, तिला सगळे रेडिओ म्हणतात. ती अक्षर ओळखत नाही, पण एकदा कानावर पडलेलं विसरत नाही. बाईंनी तिला पहिली बसवली. भिंगरीला शेवटची, कारण ती धड्याच्या मध्येच विचारायची, “पण ‘बाग’ कुठे लिहिलंय यात?”

बुधवारी देणगीदार मॅडम आल्या. त्यांच्याबरोबर एक कॅमेरावाला होता. मॅडम आल्या आल्या चटईवर बसल्या, कारण अशा लोकांना जमिनीवर बसलेला फोटो फार आवडतो. खुर्ची मात्र मागे तयार ठेवलेली होती.

पुस्तकं वाटायचं काम माझं होतं. आता मी एक गंमत केली. रेडिओच्या हातात पुस्तक दिलं ते बागेच्या पानावर उघडून नाही, जहाजाच्या पानावर उघडून. अख्ख्या पानावर हे एवढं निळं जहाज, धूर सोडणारं. मला वाटलं, आता बघा. आता फुटेल भांडं.

रेडिओने पुस्तक मांडीवर ठेवलं, मान वर केली आणि सुरू झाली. “ही आमची बाग. बागेत फुले आहेत. माळीदादा झाडांना पाणी घालतो.” आणि जहाजावरून बोट फिरवतेय.

मॅडम डोलत होत्या. “किती ओघ आहे वाचण्यात,” त्या म्हणाल्या.

छानदादा म्हणाला, “छान.”

मोठ्या बाईंनी टाळी सुरू केली.

मला वाटलं, कोणाला पान दिसलं नसेल. म्हणून मी पुढे वाकून म्हणाले, “मॅडम, चित्रात जहाज आहे.”

मॅडमनी चित्राकडे पाहिलं. पाहिलं म्हणजे डोळे तिकडे नेले. “हो, किती सुंदर चित्र आहे,” त्या म्हणाल्या आणि परत कॅमेऱ्याकडे वळल्या.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. भांडं फुटायला कोणीतरी त्याच्याकडे बघत असावं लागतं. त्या खोलीत एवढी शिकलेली माणसं जमली होती आणि वाचत त्यांच्यातलं कोणीच नव्हतं.

वाचत होती ती एकटी भिंगरी. रेडिओच्या मांडीवरचं पुस्तक तिने स्वतःकडे ओढलं आणि जहाजाखालच्या ओळीवर बोट ठेवलं. “ज,” ती म्हणाली. मग बराच वेळ काही नाही. “हा. ज.” मग ओठ हलले, कपाळाला आठी पडली आणि ती एकदम मोठ्याने म्हणाली, “जहाज. अय्या, इथे जहाजच लिहिलंय.”

आमच्या तासात असं झालं असतं तर आम्ही तिला खांद्यावर घेतलं असतं.

मोठ्या बाई घाईघाईने मॅडमच्या कानाशी लागल्या. “घाबरलीये ती. एरवी अस्खलित वाचते.”

“घाबरू नकोस हं बाळा,” मॅडम म्हणाल्या. त्यांनी तिचा गाल थोपटला, पुस्तक तिच्या हातातून काढून घेतलं आणि परत रेडिओला दिलं. “तूच वाच गं, तू छान वाचतेस.”

रेडिओने बाग पहिल्यापासून सुरू केली.

भिंगरी माझ्याकडे बघत होती. तिचा चेहरा मी सांगू शकत नाही. पहिल्यांदाच ती अगदी हलली नाही. मग माझ्याजवळ येऊन म्हणाली, “ताई, मी घाबरले नव्हते. मी वाचत होते.”

“मला माहितीये.”

“मग तू सांग ना त्यांना.”

मी सांगितलं. उभी राहून सांगितलं, मॅडम, ही घाबरली नव्हती, ही खरंच वाचत होती आणि ती दुसरी वाचत नव्हती. पण तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या. साठ पोरांच्या टाळ्यांपुढे माझा नवा आवाजही कमी पडला.

मग मॅडमचं भाषण झालं. त्या म्हणाल्या, ही शाळा आता स्वतःच्या पायावर उभी आहे. म्हणून सोमवारपासून आमची मदत पुलापलीकडच्या शाळेला देणार, तिथे तिची जास्त गरज आहे. मोठ्या बाईंना एक चकचकीत ढाल दिली. ढाल हातात घेताना मोठ्या बाई हसत होत्या. मग हसू तसंच राहिलं आणि डोळे पंख्यांकडे गेले. मग कपाटाकडे. हळूच त्यांनी विचारलं, “म्हणजे... हे पण नेणार?”

“सगळं,” छानदादा म्हणाला.

मॅडमची गाडी फाटकाबाहेर पडली आणि मोठ्या बाईंनी छानदादाला गाठलं. मी झाकणं गोळा करत तिथेच होते. बाई म्हणाल्या, मोजणीत काहीतरी चूक झालेली दिसते, तुम्ही परत एकदा परीक्षा घेऊन बघा, आमची पोरं काय एवढी हुशार नाहीत. तासाभरापूर्वी अस्खलित वाचणारी पोरं.

छानदादाला पुलापलीकडे जायचं नव्हतंच, तिकडचा रस्ता खराब आहे. तो म्हणाला, शुक्रवारी घेतो. लाल आणि पिवळी भरपूर निघाली तर इथलं काम चालू ठेवायचं मी वर कळवीन.

लगेच मोठ्या बाईंनी तिसरीला उभं केलं. आता नवा सराव. दादांनी कार्ड दाखवलं की काय करायचं? काही नाही करायचं. खाली बघायचं. कोणी विचारलं तर ‘येत नाही’ म्हणायचं. म्हणा सगळे, टाळीवर.

“येत नाही,” टाळी. “येत नाही,” टाळी.

मला इतकं हसू आलं की पोट धरून बाहेर जावं लागलं. बाहेर गेल्यावर हसू थांबलं. कारण भिंगरीही आत ओरडत होती.

मी परत मोठ्या बाईंकडे गेले. “बाई, खोटं बोलायची गरजच नाही. खरं सांगितलं तरी तास मिळतो. पिवळ्यांनाही मिळतो. जवळजवळ अख्खा वर्ग लाल नाहीतर पिवळाच आहे.”

“तू मध्ये पडू नकोस. धोका कशाला पत्करायचा? सरळ लाल दाखवू.”

खरं सांगणं म्हणजे या बाईंना धोका वाटतो. आधी येत नसताना येतं म्हणायचं, आता येत असताना येत नाही म्हणायचं. मध्ये जी साधी जागा आहे, जेवढं येतं तेवढं, तिथे बसायला त्यांच्याकडे कुठल्याच रंगाची चटई नव्हती.

घरी आईने वेगळंच धरलं. “बाई म्हणतायत तर गप्प बसेल एक दिवस. तास पाहिजे ना तुलाच?”

“पाहिजे.”

“मग?”

तास मला कोणापेक्षाही जास्त पाहिजे होता. भिंगरी कोपऱ्यात दप्तरात तोंड खुपसून बसली होती. तिथूनच ती म्हणाली, “मी वाचलं की सगळे म्हणतात घाबरली. आता मी घाबरूनच दाखवते. ते सोपंय.”

आईची सुई थांबली. तिने भिंगरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “काय करायचं ते तुमचं तुम्ही करा,” ती म्हणाली. “मला विचारू नका. मला कॉलरी लावायच्यात.”

शुक्रवारी छानदादा वर्गात टेबल टाकून बसला. समोर एकेक पोरगं. मोठ्या बाई त्याच्या पाठीमागे, ओठांवर बोट ठेवून. आम्ही वाचनताया दाराशी.

आधी रेडिओ. तिला बजावलं होतं गप्प राहायला, पण कार्ड समोर आलं की तिला राहवत नाही. कार्डावर एकच शब्द होता, ‘पाय’. रेडिओने मान वर केली. “ही आमची बाग. बागेत फुले आहेत.”

छानदादाने पहिल्यांदाच कार्डाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले.

“लाल,” तो म्हणाला. छान म्हणाला नाही.

मग भिंगरी. ती खुर्चीत बसली आणि खाली मान घातली. छानदादाने कार्ड पुढे केलं. ‘घर’. भिंगरी गप्प. मोठ्या बाईंनी समाधानाने मान डोलावली. दादाने कागदावर लाल मांडायला पेन उचललं.

“भिंगरे,” मी दारातून म्हणाले.

“बाहेर हो तू,” मोठ्या बाई म्हणाल्या.

“होते. भिंगरे, येतं तेवढं वाच. नाही येत ते सोड. कोणी घाई करत नाहीये.”

तिने मान वर केली. आधी बाईंच्या ओठांवरचं बोट पाहिलं, मग मला. मग कार्ड दोन्ही हातांनी धरून नाकाजवळ नेलं.

“घ,” ती म्हणाली. “र. घर.”

पुढचं कार्ड. “पा... य. पाय.” पुढचं. “न, ळ,” आणि हे मात्र तिने फटकन, “नळ. हा तर मला आधीपासून येतो.” मग दादाने वाक्याचं कार्ड ठेवलं. पहिला शब्द जमला. दुसऱ्यात ती अडकली, मागे गेली, परत अडकली आणि कार्ड खाली ठेवून म्हणाली, “हे नाही येत. अजून.”

“पिवळा,” छानदादा म्हणाला आणि मांडून टाकलं.

मोठ्या बाईंचं तोंड आधी कडू झालं. मग त्यांना काहीतरी सुचलं आणि उजळलं. “बघा,” त्या दादाला म्हणाल्या, “लालवरून पिवळ्यावर. आमच्याच शाळेत हे होतं. हिचा एक फोटो पाठवा वर.”

“मी पिवळी का?” भिंगरीने त्यांना मध्येच तोडलं. “मला अर्धं वाक्य आलं. अर्धी निळी करा.”

“तसं नसतं गं,” दादा म्हणाला.

“का नसतं?”

दादाने पुढच्या पोराला हाक मारली.

आमचा वर्ग जसा आहे तसा कागदावर गेला आणि जसा आहे तसा तो तास मिळण्यापुरता नक्कीच वाईट होता. संस्था राहिली. मोठ्या बाई आता सगळ्यांना सांगतात की त्यांनी प्रयत्न करून संस्थेला थांबवून घेतलं. सांगू देत. ढालही त्यांच्याच टेबलावर आहे, पेपरवेट म्हणून बरी पडते.

सोमवारी सुट्टीनंतर आम्ही बसलो. आता भिंगरीला झाकणं नको असतात, पुस्तकच पाहिजे असतं. तिने एक ओळ धरली आणि तिसऱ्या शब्दावर गाडी रुतली. मला तो शब्द दिसत होता, जिभेवर होता.

“सांगू नकोस,” ती पुस्तकातून नजर न काढता म्हणाली.

“मी कुठे काय बोलले?”

“तू बोलणार होतीस. मला ऐकू आलं. तिकडे तोंड करून बस.”

मी भिंतीकडे तोंड करून बसले.